वयात येणारा कोंबडा कसा हाताळावा

चौथा-पाचवा महिना लागला की नर पिल्लाचा तुरा लालभडक होतो, मानेची पिसं लांब आणि टोकदार दिसू लागतात आणि त्याचं वागणं पालटतं. तो तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांच्या, मागे लागतो, दुसऱ्या नरांशी झुंजतो, कधी माणसाच्या पायावरही झडप घालतो. हा जोर साधारण वर्षाचा होईपर्यंत टिकतो. यातला बराचसा भाग वयाचा असतो आणि वयाबरोबर ओसरतो. माणसावर धावून येण्याची सवय मात्र आपोआप जाईल या भरवशावर राहू नये. म्हणून माद्यांशी कसा वागतो आणि माणसांशी कसा वागतो, हे दोन प्रश्न वेगळे धरावेत.

माद्यांना त्रास होत असेल तर

नर 16 ते 20 आठवड्यांत वयात येतो. त्याच्याच बरोबरीच्या तलंगा अंड्यावर यायला 18 ते 24 आठवडे लागतात, भारी वजनाच्या जातींत त्याहून जास्त. सगळी ओढाताण होते ती या मधल्या काळात. तयार झालेली मादी नर जवळ आला की पंख किंचित पसरून खाली बसते. तलंग बसत नाही, पळते. मग तो मागे धावतो आणि मानेची पिसं चोचीत धरून तिला दाबतो. मुरलेला कोंबडा एक पंख खाली सोडून मादीभोवती फिरतो, दाणा सापडला की टुकटुक आवाज करून तिला बोलावतो. तरुण नराला हे जमायला वेळ लागतो, आणि ते शिकवण्यात जुन्या माद्यांच्या चोचीचा वाटा मोठा असतो. वर्षावरच्या दोन-तीन खमक्या माद्या कळपात असतील, तर आगाऊपणा त्याच मोडून काढतात.

रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की एकेक मादी हातात घेऊन टॉर्चच्या उजेडात बघा. डोक्याची मागची बाजू, मान आणि पाठ तर तपासायचीच, पण पंख उचलून बगलेखालची कूसही बघायची. नराच्या पायाची नखं तिथली कातडी फाडतात आणि पंख मिटलेला असल्याने जखम दिसत नाही. माश्या बसल्या तर एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. चार-दोन पिसं तुटली असतील तर काळजीचं कारण नाही. कातडी उघडी पडली असेल, रक्त असेल, किंवा मादी दिवसभर दांडीवरून खाली उतरतच नसेल, तर त्याच दिवशी नराला वेगळं करा. जखमी मादीलाही वेगळं ठेवावं लागतं, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा आणि खपली धरेपर्यंत तिला कळपात सोडू नका.

नर एकटाच असेल तर त्याला जाळीपलीकडे, कळप दिसेल असा ठेवा. तलंगांनी अंडी द्यायला सुरुवात केली आणि पाठीवर हलकेच हात ठेवल्यावर त्या आपणहून बसू लागल्या, की त्याला परत सोडायची वेळ आली. संध्याकाळी, दांडीवर जायला तासभर उरला असताना सोडा आणि दाणे चार ठिकाणी विखरा. तो तास तिथेच थांबून लक्ष ठेवा.

एका नरामागे 8 ते 10 माद्या हव्यात. पाच माद्यांत दोन नर असतील तर कोणताही उपाय चालत नाही. एक कमी करावाच लागतो. जास्तीचे नर ठेवायचेच असतील तर सगळे मिळून माद्यांच्या नजरेआड वेगळ्या खुराड्यात ठेवा. मादी समोर नसली की झुंजी बऱ्याच कमी होतात. एखाद्याला काही दिवस बाहेर काढून परत घातलं, तर मात्र कोण वरचढ हा क्रम नव्याने ठरतो आणि भांडण पेटतं. खाण्याची भांडी दोन ठेवा, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. भिंतीला एखादी फळी तिरकी टेकवून ठेवली की हरलेल्याला दडायला जागा मिळते. छातीला छाती भिडवून मिनिटभरात एकाने माघार घेतली तर मध्ये पडू नका. हरलेला कोपऱ्यात दबला असूनही दुसरा थांबत नसेल, तर दोघांच्या मध्ये फळी सरकवा. हात घालू नका.

खाद्याकडेही लक्ष हवं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. नराला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमचा भार मूत्रपिंडावर येतो. एकत्र कळपाला ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना गरज आहे त्या माद्या तो खातील.

माणसावर धावून येत असेल तर

हल्ल्याआधी तो बहुतेक वेळा इशारा देतो. अंग तिरकं करून बाजूबाजूने सरकत येतो, मान खाली घालून मानेची पिसं फुलवतो, समोर दाणा नसताना जमिनीवर टोचतो. अशा वेळी पळू नका आणि लाथही मारू नका. पळालात तर तो जिंकला, लाथ मारलीत तर त्याच्या लेखी झुंज सुरू झाली. शिवाय तो जबर जखमी होऊ शकतो. बूट आणि जाड पँट घालूनच आत जा. जागचे हलू नका, गरज पडली तर बादली किंवा फळी आडवी धरा, आणि त्याने तोंड फिरवेपर्यंत थांबा. मग संथपणे त्याच्याच दिशेने चालत जा, तो बाजूला होईल असं. पळायला वाट मोकळी हवी. कोपऱ्यात कोंडलेला नर हमखास उडी घेतो. हे रोज आणि घरातल्या प्रत्येकाने केलं तरच उपयोग.

त्याच्यासमोर मादी पकडू नका, तिच्या ओरडण्याने तो भडकतो. त्यालाही पाठलाग करून धरू नका, रात्री दांडीवरून उचला. पंख मिटवून काखेत धरा आणि तो सैल पडेपर्यंत शांत उभे राहा. तोंड त्याच्या चोचीजवळ नेऊ नका. लहानपणी हातावर खाऊ घालून लाडावलेल्या नराला माणसाची भीती राहत नाही, आणि वयात आल्यावर तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो. त्यामुळे नर पिल्लं ओळखू आली की लाड तिथेच थांबवावेत.

या वयात पायामागचा काटा बोथट बोंडाएवढाच असतो. पुढे वाढला तर फक्त टोक कानशीने घासा. आत हाड आणि रक्त असतं, त्यामुळे तो पिळून काढू नये.

आरवणं शिस्तीने थांबत नाही. 2013 साली जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की पहाटेची बांग शरीरातल्या घड्याळावर चालते. त्यामुळे खुराडं अंधारं ठेवल्याने आवाज थोडा दबतो, एवढंच. गळ्यात पट्टा बांधू नका, श्वास अडकतो.

लहान मुलांना नराजवळ एकटं सोडूच नये, त्यांचा चेहरा त्याच्या उडीच्या टप्प्यात येतो. मुलाला इजा झाली, किंवा तीन-चार आठवडे नेमाने वागूनही हल्ले कमी झाले नाहीत, तर तो नर कळपात ठेवू नका. दुसऱ्याला देणार असाल तर त्याचं वागणं स्पष्ट सांगूनच द्या. चिडका स्वभाव काही अंशी पिल्लांतही उतरतो, म्हणून त्याची अंडी उबवायला ठेवू नका. नर काढल्यावरही त्याचं बीज मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं, तेव्हा दुसऱ्या नराची पिल्लं हवी असतील तर अंडी तीन आठवडे उलटल्यावरच उबवणीला घ्या.