जुनं ट्राय-अँग इंजिन बंद पडलंय? मोटर सगळ्यात शेवटी उघडा

माझ्या टेबलावर आत्ता ट्राय-अँग या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेची एक काळी जिंटी, म्हणजे सहा चाकांचं छोटं इंजिन, उभी आहे, नंबर 47606. इथे इंग्लंडमध्ये डर्बीत जुन्या खेळण्यांच्या बाजारात मी एक खोकं भरून सामान घेतलं, त्यात ती निघाली. विकणाऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं, "मोटर जळलीय." पण मी जी जी 'जळलेली' मोटर घरी आणली, तिच्यापर्यंत बहुतेक वेळा करंटच पोचत नव्हता, नाहीतर आतलं तेल सुकून ती जखडली होती.

वडील मिरजेला रेल्वेत फिटर होते. ते म्हणायचे, आधी चाकं मोकळी आहेत का बघ, मग इंजिनाला नावं ठेव. मी अजून त्याच क्रमाने जाते.

बॉडी उतरवा आणि मोटरचा दांडा बोटाने फिरवा. वर्म गिअरमुळे (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरमुळे) चाकं ढकलून फिरत नाहीत, त्यामुळे जोर लावू नका. चुंबकाची हलकी ओढ जाणवेल, ती असायचीच. मात्र चाकांच्या प्रत्येक फेरीत एकाच जागी अडकत असेल तर बाजूचे कनेक्टिंग रॉड वाकलेत का किंवा एखादं चाक आसावर सरकलंय का ते बघा. हे सुधारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग चाकं. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून घासा. काळा थर निघेल, काडी स्वच्छ येईपर्यंत घासत राहा. रूळही तसेच पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण लवकर धरते. थिनर तर प्लॅस्टिकच्या आसपासही नको.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जिंटीत एका बाजूची चाकं इन्सुलेटेड असतात. त्या बाजूचा करंट खालच्या पातळ पट्टीतून मोटरला मिळतो. दुसऱ्या बाजूचा मात्र चाकातून आसात आणि आसातून धातूच्या चासीत (खालच्या सांगाड्यात) जातो. म्हणजे आस जिथे चासीत बसतो तिथे जुन्या तेलाचा गोंद झाला असेल, तर चाकं कितीही चकचकीत केली तरी इंजिन अडखळणारच. बरेच जण ही जागा विसरतात. तिथे अल्कोहोल सोडा, मोटरच्या दांड्याने चाकं फिरवा, पुसा, असं दोन-तीनदा करा.

आता कंट्रोलरच्या (रुळांना करंट देणाऱ्या डब्याच्या) दोन वायरी थेट मोटरला लावा, 12 व्होल्ट डीसी. मोटर फिरली तर दोष चाकं, पट्टी किंवा आसात आहे. फिरली नाही आणि कंट्रोलरचा कट-आउट (जास्त करंट झाला की तोडणारा स्विच) उडाला, तर शॉर्ट आहे.

माझ्या जिंटीत तेच झालं. या मोटरचं नाव एक्स-झिरो-फोर. तिचे दोन्ही कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे तुकडे, तारेची एकच स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंगच्या एका पायावर बारीक इन्सुलेटिंग स्लीव्ह असते. ती गळून पडली तर करंट आर्मेचरकडे (मोटरच्या फिरत्या गुंडाळीकडे) न जाता स्प्रिंगमधूनच पलीकडे जातो. भिंगाखाली बघितलं तर तो पाय उघडाच होता. एका पातळ वायरची तीन-चार मिलिमीटर साल सोलून त्या पायावर चढवली. 'जळलेली' मोटर लगेच घरघरली.

कार्बन झिजून पत्र्याला टेकले असतील तर बदला. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो फिरता भाग) अल्कोहोलने पुसा आणि त्याच्या तीन तुकड्यांमधल्या फटी लाकडी दातकोरणीने हळूच कोरा. फटींत कार्बनची भुकटी साचली की तुकडे एकमेकांना जोडले जातात. मग मल्टिमीटरने दोन-दोन तुकड्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक फार वेगळा आला, तर मात्र आर्मेचर खरंच गेलंय.

चुंबक काढू नका, हे मी कळकळीने सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी प्रिन्सेस नावाच्या एका सुंदर इंजिनाच्या मोटरचं चुंबक साफ करायला बाहेर काढलं, लोखंडी पट्टी न लावता तसंच ठेवलं. परत बसवल्यावर मोटर जोरात पळायची, गरम व्हायची, पण दोन डबेही ओढेना. जुनं ॲल्निको चुंबक असं बाहेर काढलं की त्याचा जोर उतरतो. आता कमजोर चुंबकाच्या जागी लहान निओडिमियम चुंबक बसवता येतं, पण मूळ भाग वाचला तर मला जास्त आनंद होतो.

तेल शेवटी, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच: दोन्ही बेअरिंगांना एकेक थेंब, आसांना जरासं. शिवणयंत्राचं हलकं तेल चालतं, खोबरेल मुळीच नको. कम्युटेटरवर तेल गेलं तर पुन्हा सगळं पुसायला लागेल.

बॉडी चढवण्याआधी रिकामं इंजिन अर्ध्या वेगाने वीस मिनिटं पुढे, वीस मिनिटं मागे चालवा. मधूनमधून मोटरला बोट लावून बघा. कोमट लागली तर ठीक आहे. चटका बसला तर थांबवा आणि कार्बनपासून पुन्हा तपासा.