मेणबत्ती धुरकट जळतेय? मेणाला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

काच काळी पडते, मध्ये खड्डा पडून कडेचं मेण तसंच राहतं, ज्योत फडफडते. अशा वेळी ‘माल हलका दिसतोय’ म्हणून आपण मोकळे होतो. कधीकधी तो असतोही. पण बहुतेकदा घोळ वातीचा असतो आणि तो आपल्यालाच निस्तरता येतो.

जळतं ते घट्ट मेण नव्हे. ज्योतीच्या धगीने मेण वितळतं, वात ते वर ओढते आणि टोकाशी त्याची वाफ होऊन ती पेटते. मेणबत्ती विझवल्या विझवल्या जो पांढरा धूर निघतो, त्यात पेटती काडी धरून पाहा. वातीला न टेकवताही ती पुन्हा पेट घेते. तेव्हा मेण किती वर चढतं आणि त्याला हवा किती मिळते, यावरच सगळं अवलंबून.

वात न कापताच पेटवणं

ही सर्रास होणारी चूक. लांब वात गरजेपेक्षा जास्त मेण ओढते. ते पूर्ण जाळायला हवा पुरत नाही आणि उरलेला कार्बन काजळी होऊन भिंतीवर, छतावर बसतो. वातीच्या टोकाला काळं बोंड धरलं, की ओळखायचं. मेणबत्ती थंड असताना, दर वेळी पेटवण्याआधी, वात साधारण ६ मिलिमीटर ठेवून कापा. खोल ग्लासात कात्री जात नसेल तर नेलकटर चालतं. कापलेला तुकडा मात्र काढून टाका. मेणात पडलेला तुकडा किंवा काडीपेटीची जळकी काडी दुसऱ्या वातीसारखी पेटते.

जुन्या काळी वातीला नुसता पीळ असे. तिचं टोक नीट जळत नसे, त्यामुळे मेणबत्ती पेटलेली असतानाच ते पुन्हापुन्हा छाटावं लागे. एकोणिसाव्या शतकात वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि जळून जातं. आपलं काम त्यामुळे कमी झालं, संपलं नाही.

वात कापूनही धूर येतोय? मग पंखा, एसी किंवा उघडी खिडकी बघा. झुळुकेने ज्योत हलली की ज्वलन अर्धवट होतं.

पहिल्याच वेळी घाईने विझवणं

मधला खड्डा पडतो तो यामुळे. पहिल्यांदा मेण जिथवर वितळतं, त्याच वर्तुळात पुढच्या वेळी वितळायचा त्याचा कल असतो. सोपा हिशेब: व्यासाच्या दर इंचाला एक तास. तीन इंची जार असेल तर तीन तास हाताशी असतील तेव्हाच ती पेटवा. पण सलग चार तासांवर नेऊ नका. बोंड वाढतं, काच तापते. जार खूप रुंद आणि वात एकच असेल तर मात्र दोष बनवणाऱ्याचा, तुमचा नव्हे.

खड्डा पडलाच असेल तर जारच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइलची कड बसवा आणि मधे ज्योतीपुरती मोकळी जागा ठेवा. उष्णता आत राहून कडेचं मेण उतरतं. फॉइल चांगलीच तापते, नुसत्या हाताने काढू नका. आणि तेवढा वेळ शेजारी बसा.

सोया मेणावर पांढरट डाग दिसले तर काही करायचं नाही. ते मेणाचे स्फटिक आहेत, बुरशी नव्हे.

वास कमी झाला म्हणून वितळलेल्या मेणात वरून सुगंधी तेलाचे थेंब टाकणं मात्र धोक्याचं. तेल भडकू शकतं. घरी मेणबत्ती करताना रंगासाठी क्रेयॉन वापरला तर त्यातले रंगकण वातीत अडकतात आणि ज्योत मरगळते. आणि मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका. उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, म्हणजे मेण शंभर अंशांपलीकडे जात नाही.

आग लागण्यासारख्या चुका

पडदे, कागद, पुस्तकं यांपासून किमान ३० सेंटिमीटर अंतर हवं. टी-लाइट एकमेकांना खेटून मांडल्या की एकीची धग दुसरीला लागते, सगळं मेण तापतं आणि वातीऐवजी मेणाचा पृष्ठभागच पेटू शकतो. जारमध्ये तळाला सव्वा सेंटिमीटर मेण उरलं की थांबा, नाहीतर काच तडकेल. मेण पातळ असताना जार उचलू नका.

मेणानेच पेट घेतला तर पाणी अजिबात नको. पाणी मेणापेक्षा जड. ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटतं मेण चहूकडे उडवते. जवळच असलं तर धातूचं झाकण किंवा ताटली बाजूने सरकवून तोंड झाका. जार पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उचलायचं नाही. आतलं मेण तापलेलं असेल तर हवा मिळताच ते पुन्हा भडकतं.