नव्या गालिच्याची लोकर निघतेय? व्हॅक्यूम करताना या चुका टाळा

गालिचे धुण्या-दुरुस्तीच्या धंद्यात एक फोन ठरलेला असतो. गालिचा घरात येऊन आठवडा होतो न होतो तोच, "अहो, याची लोकर झडतेय, दुकानदाराने फसवलं!" बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. लोकरीचा धागा म्हणजे आखूड तंतूंना दिलेला पीळ. गालिच्याची लव कापून सारखी केली की काही तुकडे आतच अडकून राहतात, ते कधीतरी बाहेर येणारच. बंदुकीसारख्या यंत्राने कापडात धागा मारून मागून लेटेक्सने, म्हणजे रबरी गोंदाने, चिकटवलेल्या टफ्टेड गालिच्यात हे जास्त होतं. भदोहीचा किंवा काश्मीरचा, हाताने गाठी मारलेला असेल तर कमी. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा, असेल तर जवळपास नाहीच, कारण तो धागा अखंड असतो. लोकरीचं झडणं काही महिने चालतं, हळूहळू कमी होतं. लोकांना ते रविवारी दुपारपर्यंत संपवायचं असतं.

फिरता ब्रश

माझ्या डोक्यात जाणारी चूक ही. कोथरूडच्या एका घरी काकांनी हौसेने कॉर्डलेस व्हॅक्यूम घेतला होता, पुढे गरगर फिरणारा ब्रश आणि पारदर्शक डबा असलेला. रोज सकाळी गालिच्यावर फिरवायचा आणि भरलेला डबा काकूंना दाखवायचा, "बघ, किती घाण निघाली!" घाण कसली, गालिचाच निघत होता. मला बोलावलं तोवर सोफ्यासमोरची लव इतकी विरळ झाली होती की बोटांनी बाजूला सारली की खालचं कापड दिसायचं. सोफ्याखाली, जिथे मशीन पोचत नव्हतं, तिथे मात्र लव दुकानातल्यासारखी दाट. काका तरीही म्हणे, "मशीन चांगलं आहे हो, गालिचाच हलका निघाला." गेलेली लव परत येत नाही. मी गालिचा उलट दिशेने फिरवून विरळ भाग सोफ्याखाली घातला आणि चहा पिऊन निघालो.

फिरता ब्रश सुटे तंतू तर काढतोच, पण धड धाग्यांचे पीळही उसवतो. तो बंद करता येत असेल तर बंद करा. येत नसेल तर ते मशीन फरशीसाठी ठेवा. आपल्याकडचा जुन्या पद्धतीचा, पाईपवाला व्हॅक्यूम यासाठी उत्तम. पायाने खटका दाबून नोझलचे केस आत घ्यायचे, हँडलवर हवेची खिडकी असेल तर ती अर्धी उघडी ठेवायची, म्हणजे ओढ कमी होते. आधी लवेवरून हात फिरवा. ज्या बाजूला ती मऊ बसते त्याच बाजूला सावकाश नोझल न्या, दाबू नका. पहिले काही महिने मी आठवड्यातून दोनदा सांगतो, नंतर एकदा. रोज नाही. उरलेल्या दिवशी वर आलेले पुंजके हाताने गोळा करा.

आणि पिशवी व फिल्टर बघत जा. लोकरीने ते लवकर तुंबतात, ओढ जाते, मग लोक मशीन दुरुस्तीला नेतात.

धुतलं की बसतं म्हणे

कुणीतरी व्हिडिओत सांगतं, व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने विंचरा, एकदाच काय ते निघून जाईल. निघून जातं, खरंय. टफ्टेड गालिच्यात मागच्या कापडात आणि लेटेक्समध्ये पाणी शिरलं की पावसाळ्यात ते वाळतच नाही. कुबट वास येतो आणि पुढे कापड सुटायला लागतं. 'बांबू सिल्क' म्हणून विकला जाणारा बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लाकूड-बांबूच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा धागा, असतो. त्याची लव पाण्याने चपटी होते आणि पिवळट डाग पडतात. गॅलरीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवणारेही आहेत. बडवल्याने लेटेक्सला भेगा जातात.

बाकीच्या

एखादा धागा वर आला तर ओढू नका, कात्रीने लवेबरोबर कापा. लूप असलेल्या, म्हणजे लव न कापता धाग्याची वेटोळी तशीच ठेवलेल्या, गालिच्यात एक धागा ओढला की अख्खी ओळ उसवते.

झालरीच्या चार बोटं आधी नोझल उचला.

रोबो व्हॅक्यूमला या खोलीत तूर्त बंदी. त्याच्या ब्रशभोवती लोकर गुंडाळते आणि तुम्ही सुरी घेऊन बसता.

खरी तक्रार कधी करायची? पिंजलेल्या कापसासारखे पुंजके निघत असतील तर नाही. पण दोन्ही टोकं कापलेला पूर्ण टाकाच हातात येत असेल, किंवा गालिचा उचलल्यावर खाली पिठासारखी भुकटी दिसत असेल, तर लेटेक्स गेलेलं आहे. व्हॅक्यूम थांबवा, फोटो काढा, बिल शोधा आणि दुकानात जा.