खुल्या मैदानावरील युवा संगीत कार्यक्रम आणि रात्री १० नंतरची परवानगी: तयारीची यादी

कलाकार ठरवण्याआधी तारीख ठरवावी आणि तारीख ठरवण्याआधी रात्री १० नंतर सवलत असलेल्या दिवसांबाबतचा जिल्हाधिकारी कार्यालयाचा चालू वर्षाचा आदेश मिळवावा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्री १२ पर्यंतच, सवलत देता येते. हे दिवस आपल्याकडे जिल्हावार जाहीर होतात आणि त्यांतील बरेचसे गणेशोत्सव, नवरात्र व जयंत्यांनाच लागतात. आपली तारीख त्या आदेशात बसत नसेल, तर ओळखीपाळखीने सवलत मिळेल या भरवशावर न राहता कार्यक्रम दहाच्या आत संपेल असाच आखावा.

दुसरी बाब बहुतेक मंडळे वाचतच नाहीत. सवलत वेळेची असते, आवाजाची नसते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे; मैदानाच्या हद्दीवर आवाज त्यापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तितकाच चालतो. म्हणजे दहाच्या आधी ६५ आणि दहानंतर ५५. बँडच्या कार्यक्रमात हा आकडा पाळणे सोपे नाही, म्हणून ढोल, बेस गिटार असलेली गाणी आधी घ्यावीत आणि दहानंतर एकल गायन किंवा गझल ठेवावी.

जागा निवडताना भोवतालच्या संस्थांची नोंद करावी. अंबाजोगाईसारख्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. घोषणा नसली तरी वॉर्डाच्या खिडकीसमोर स्पीकर लावू नयेत, एवढे तारतम्य आयोजकांना असावे.

मैदान मिळाले की मंचाचे तोंड वस्तीकडे न करता शेतशिवाराकडे करावे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो: स्पीकरपासून १० मीटरवर ९५ असेल, तर ४० मीटरवर ८३ आणि १६० मीटरवरही ७१ राहतो. स्पीकरचे मोठे दोन खांब उभारण्यापेक्षा प्रेक्षकांमध्ये लहान स्पीकर वाटून लावल्यास मागच्यांना ऐकू येते आणि हद्दीवर आवाज आटोक्यात राहतो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, तेव्हा ध्वनी वर न जाता खाली वळून दूरवर पोहोचतो. त्यामुळे दुपारी केलेल्या चाचणीवर विसंबू नये, तर आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर दहाच्या आत हद्दीवर आवाज मोजणारे मीटर धरून पुन्हा मोजावे. ए-मापनात, म्हणजे कानाला जसे ऐकू येते तसे मोजण्याच्या पद्धतीत, खालचे सूर कमी मोजले जातात, म्हणून आकडा मर्यादेत असतानाही शेजारच्या घराचे पत्रे थरथरू शकतात. बेस वेगळा उतरवून ठेवावा.

अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत करावा आणि तो इतका आधी द्यावा की त्रुटी निघाल्यास दुरुस्तीला वेळ उरेल. मंजुरीचा अधिकार जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे असतो. सोबत मैदानमालकाची संमती, मंच व स्पीकरची दिशा दाखवणारा नकाशा, ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्याचे नाव, वेळापत्रक आणि जबाबदार व्यक्तीचा भ्रमणध्वनी जोडावा.

भोवतालच्या घरांना छापील सूचना द्यावी, पण नुसते पत्रक टाकून येऊ नये. घरात आजारी माणूस, तान्हे बाळ किंवा परीक्षार्थी असेल, तर दारात उभे राहून सांगावे आणि गरज पडल्यास आवाज कमी करायला सांगणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा नंबर तिथेच द्यावा. त्या व्यक्तीचा शब्द ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याने विनातक्रार पाळला पाहिजे, हे आधीच ठरलेले असावे. वीज गेल्यास उशीर होऊ नये म्हणून जनरेटर हवाच. तो आवाजरोधक पेटीतला, वस्तीपासून लांब ठेवावा.

वेळापत्रक प्रामाणिक असावे. आपल्याकडे गाण्यांपेक्षा शाल-श्रीफळ आणि मान्यवरांच्या मनोगतांत घड्याळ पुढे पळते, म्हणून सत्कार सुरुवातीलाच, तोही १५ मिनिटांत आटोपावा. आभारप्रदर्शनही माइकवरूनच होते, हे विसरून चालणार नाही. ते वेळेच्या आत धरावे आणि हद्दीवरील नोंदींचा कागद परवानगीपत्रासोबत फाइलला लावून ठेवावा.