पुढच्या पोर्टातला कापूस

मामेबहिणीच्या लग्नाचा ४० जीबी व्हिडिओ हार्डडिस्कवरून कॉम्प्युटरवर घेत होतो. वेग सेकंदाला १ एमबी, म्हणजे ११ तास! आई म्हणे, “लाइन गेली त पुन्हा पयल्यापासून करशीन का?”

अँटिव्हायरस बंद केला, केबल बदलली. काही फरक नाही. पण १ एमबी हा तर जुन्या यूएसबी १.१ चा वेग, म्हणून केबल लावली होती त्या पुढच्या पोर्टावर, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेवर, संशय आला. टॉर्च मारून पाहतो तर आत कापसाचे तंतू! भाव यायची वाट पाहत याच खोलीत गंजी पडली आहे ना. केबल मागच्या निळ्या पोर्टात लावली. सेकंदाला ९० एमबी, साडेसात मिनिटांत काम फत्ते. पुढचं पोर्ट कॉम्प्युटर बंद करून लाकडी काडीने कोरलं. तिथे आता फक्त माऊस असतो.