वेगळ्या मापाचा टायर बसवण्यापूर्वी

टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. त्यातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही त्या रुंदीच्या टक्केवारीतील बाजूच्या भिंतीची उंची आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास असतो. भिंतीची उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये बदलून मिळवला, की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर १९५/६५ चा टायर चढवला, तर हा व्यास ६३४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. परिणामी स्पीडोमीटर पूर्वी जेथे अचूक ८० दाखवत होता, तेथे प्रत्यक्ष वेग ८२ च्या जवळ जातो आणि ओडोमीटरही कमी अंतर नोंदवतो. व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझ्या मते दोन टक्क्यांपुढे जाऊच नये.

रुंद टायरमुळे कोरड्या रस्त्यावर पकड सुधारू शकते, परंतु स्टेअरिंग जड होते, इंधन अधिक लागते आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर चाक तरंगण्याचा धोका वाढतो. भिंत फार कमी उंचीची निवडल्यास खड्ड्यात रिम वाकण्याची भीती असते, आणि आपल्याकडील रस्त्यांवर ती खरोखर गंभीर आहे.

नव्या टायरचा भारांक (टायर किती वजन पेलू शकतो, हे दाखवणारा आकडा) व वेगदर्शक अक्षर (तो कमाल किती वेगासाठी आहे, हे दाखवणारे अक्षर) मूळ टायरपेक्षा कमी असू नये. टायर बसवल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो कोठे घासतो का, हे गाडीत माणसे बसवून तपासावे.