पडीक रान मिनी ट्रॅक्टरने साफ आणि सपाट कसं करावं: कोणती अवजारं घ्यावीत, कोणती नकोत

पडीक रान वहितीला आणायचं ठरलं की सगळीकडून एकच सल्ला येतो: रोटाव्हेटर घ्या, सगळं होऊन जातं. होत नाही. रोटाव्हेटर भुसभुशीत करतो. तो झुडूप काढत नाही, दगड काढत नाही आणि रान सपाट तर अजिबात करत नाही. उंचवटा होता तिथे भुसभुशीत उंचवटा राहतो, एवढाच फरक. तो सगळ्यात शेवटी घ्यायचा.

मी हे पारनेर तालुक्यातल्या आमच्या साडेतीन एकरांवर शिकलो. वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि वीस वर्षं कुणी हात न लावल्यामुळे वेडी बाभूळ नि टणटणी. ट्रॅक्टर २४ एचपीचा. त्यानंतर पाहुण्यारावळ्यांची बरीच रानं करून दिली.

अवजार बघायला जाण्याआधी ट्रॅक्टरची पुस्तिका उघडा. या गटातल्या बहुतेक ट्रॅक्टरची उचल ७५० ते ८०० किलो लिहिलेली असते, पण ती लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या हातांच्या टोकाशी. अवजाराचं वजन त्याच्याही मागे दोन-तीन फूट पडतं, त्यामुळे खरी उचल बरीच कमी धरा. अवजार उचलल्यावर स्टेअरिंग हलकं लागलं तर पुढे वजनं लावा, नाहीतर ते अवजार नाकारा. इंजिनवर २४ एचपी लिहिलं असलं तरी पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, त्याहून कमीच पोहोचते. मला एका विक्रेत्याने ५ फुटी रोटाव्हेटर गळ्यात मारला होता. पहिल्याच पट्ट्यात ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला. या ताकदीला साडेतीन, फार तर ४ फूट पुरे. जुन्या बाजारातून काही उचलणार असाल तर पिना मोजा: छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकला २२ मिमीची पिन लागते, मोठ्याच्या अवजारांना २८ची असते.

अनुदान हवं असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.

झुडपं आणि खोडं

टणटणी, रुई, तरवड हे अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत असेल तर पीटीओवरचा श्रेडर (झुडपं कापून बारीक करणारं यंत्र) चालतो, भाड्याने आणा. वेडी बाभळीवर मात्र श्रेडर फिरवू नका. तिचे काटे तुकड्यांसकट रानभर पसरतात आणि पुढचे दोन हंगाम तुम्ही टायर आणि पायातले काटे काढत बसता. शिवाय वरून छाटलेली वेडी बाभूळ मरत नाही, एका खोडाचे सहा फुटवे होतात. ती जमिनीखाली वीतभर खणून, बुंध्याच्या गड्ड्यासकट काढावी लागते. मनगटाएवढ्या खोडांना कुदळ आणि दोन माणसं, त्याहून जाड असतील तर जेसीबी तासावर बोलवा. चार तासांत जे होतं त्यासाठी मिनी ट्रॅक्टरचे महिने घालवू नका.

आणि हे नीट ऐका. खोड साखळीने ओढायचंच असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागच्या ओढपट्टीलाच) बांधा. टॉप लिंकला (वरच्या मधल्या हाताला) नाही, अॅक्सलला नाही, उचललेल्या लिंकलाही नाही. ओढ उंचावरून पडली आणि खोड हललं नाही तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उभा राहतो आणि चालकाच्या अंगावर उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही.

बांधावरची मोठी झाडं तोडण्याआधी चौकशी करा. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर अशा झाडांना १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते.

दगड वेचा. पाच फणांचा मोगडा (कल्टिव्हेटर) उभा-आडवा घाला, पुन्हा वेचा.

सपाटीकरण: इथेच सगळे फसतात

आधी हिशेब करा. एका गुंठ्यावरून एक इंच माती काढली की सुमारे ९० घनफूट होते, म्हणजे जवळजवळ एक ब्रास. आता एकराचा तुकडा धरा, एका टोकाकडून दुसऱ्याकडे फक्त एक फुटाचा उतार. तो पूर्ण सपाट करायचा तर वरच्या अर्ध्यातून सरासरी तीन इंच माती खालच्या अर्ध्यात न्यावी लागते: सुमारे ५४ ब्रास, तेवढ्याच ट्रॉल्या. आणि वीतभर मातीच्या रानात वरचा कडेचा भाग सहा इंच खरवडला की तिथे मुरमावर जेमतेम दोन-तीन इंच माती उरते, मग त्यावर धड काही उगवत नाही. म्हणून सगळं रान टेबलासारखं करायचा हट्ट सोडा. उतार ठेवा, फक्त तो एकसारखा आणि एकाच दिशेचा करा. पाटपाण्याला १०० फुटांना तीन-चार इंच पुरतात. उतार जास्त असेल तर ताली (उताराला आडवे बांध) घालून टप्पे पाडा. हे काम नळीत पाणी भरून, दोरी नि खुंट्या लावून आधी कागदावर उतरवा.

आता अवजार. बाजारात सगळे मागचं ब्लेड दाखवतात: एक वाकडं पातं, थ्री पॉइंटला (मागच्या तीन लिंकना) अडकवलं की झालं. मीही तेच घेतलं. आठवडाभर रोज रान ओढलं, आणि रोज ते जास्त खालीवर होत गेलं. लांबून पाहिलं तर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा. पहिल्या पावसात त्या खोलगट पट्ट्यांत पाणी साचलं आणि तेवढाच कांदा पिवळा पडून बसला. मला वाटलं, माझाच हात बसत नाहीये.

हाताचा दोष नव्हता. मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ५ फूट अंतर असतं आणि ब्लेड मागच्या अॅक्सलपासून ३ फूट मागे लटकतं. पुढचं चाक ४ इंचांच्या ढेकळावर चढलं की ट्रॅक्टर मागच्या अॅक्सलवर कलतो आणि ब्लेड जवळजवळ अडीच इंच खाली घुसतं. पुढे मागची चाकं त्याच ढेकळावर चढतात, तेव्हा ब्लेड वर उठतं आणि पुढ्यातली माती तिथेच टाकून जातं. झाला एक खड्डा, एक ढीग. दुसऱ्या फेरीत चाकं त्याच खड्ड्या-ढिगावरून जातात. हायड्रोलिकच्या दांडीने तुम्ही कितीही चपळाईने खालीवर केलं तरी मागेच पडता, कारण दांडी हलवेपर्यंत ब्लेड फूटभर पुढे गेलेलं असतं.

उपाय एकच: उंची ट्रॅक्टरने नाही, जमिनीने ठरवायची. त्यासाठी लांब धावपट्ट्यांचं लेव्हलर घ्या. तयार मिळालं नाही तर चांगल्या वेल्डरकडून करून घ्या, मी तेच केलं. दोन बाजूंना ६ फूट लांबीच्या जाड लोखंडी पट्ट्या, बर्फावरच्या गाडीसारखी टोकं पुढून वर वळवलेली. त्यांच्यामध्ये थोडी तिरकी बसवलेली दोन पाती, पट्टीच्या तळापासून फक्त अर्धा इंच खाली. रुंदी मागच्या टायरच्या बाहेरच्या कडांपेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त, म्हणजे चाकोरी पुसली जाते. टॉप लिंकसाठी गोल भोक नको, लांबट खाच ठेवा. मग हायड्रोलिक पूर्ण खाली सोडा आणि दांडीला हात लावू नका. ट्रॅक्टर वरखाली झाला तरी पट्ट्या उंचवट्यांवर टेकलेल्या राहतात, पाती शेंडे कापतात आणि माती पुढच्या खळग्यात आपोआप पडते.

वजन दीडशे किलोच्या आसपास असू द्या, हलकं असेल तर ते उड्या मारतं. टॉप लिंक आवळली की पुढचं पातं जास्त कापतं, सैल केली की मागचं पातं फक्त पसरवतं. सुरुवात थोडी आवळून, शेवटच्या दोन फेऱ्या सैल. फेरी एकदा उभी, एकदा आडवी, एकदा तिरकी. एकाच दिशेने कधीच नाही. कडक झालं की थांबून पुन्हा मोगडा घाला, पात्याने मुरूम फोडायचा प्रयत्न करू नका. आणि काम वाफशावरच, म्हणजे ओल असून माती चिकटत नाही तेव्हाच. ओल्या काळ्या मातीत पाती चिकटून लादी बसते.

माती लांबवर न्यायची असेल तिथे केणी (माती भरून ओढायचं सुपासारखं अवजार) वापरा, ४ फुटी पुरते. शंभर फुटांपलीकडे केणीने ओढणं म्हणजे डिझेल जाळणं, तिथे ट्रॉली भरा. मागचं ब्लेड फेकू नका. चर काढायला आणि बांधाला माती लावायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. ट्रॅक्टरला पुढून डोझरचं पातं लावून देणारे भेटतील. मिनी ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल त्या धक्क्यांसाठी केलेला नसतो, माझं मत स्पष्ट आहे: लावू नका.

शेवटी रोटाव्हेटर

एक फेरी, चार इंच, पीटीओ ५४०वर. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून ठेवू नका आणि उपरणं, ओढणी, पदर त्याच्या जवळपास नको.

मग पहिला मोठा पाऊस होऊ द्या. पाऊस उघडल्यावर तासाभरात फक्कीची पिशवी घेऊन रानात जा आणि पाणी जिथे साचलंय त्या प्रत्येक जागेभोवती खूण करा. वाफसा आला की तेवढ्याच जागी लेव्हलर फिरवा. आमच्या रानात पहिल्या वर्षी अशा १४ खुणा झाल्या, दुसऱ्या वर्षी ३.